दिवाळीचा किल्ला आणि नकाशातली तपकिरी रेषा

ऑक्टोबरची हाफ टर्म तोंडावर आली आहे आणि तिच्या मागोमाग दिवाळी. फराळाचं बघून झालं, आकाशकंदील लॉफ्टमधून खाली आला, आता मुलं विचारणार, "किल्ला करायचा का?" आज आपण त्या किल्ल्याबद्दलच बोलणार आहोत, पण थोडं वेगळ्या अंगाने. मुलांच्या शाळेतल्या भूगोलाची निम्मी शिकवणी त्या मातीच्या ढिगाऱ्यावर होऊ शकते. नकाशा कसा वाचायचा, डोंगर कागदावर कसा उतरतो आणि माती का वाहून जाते, हे सगळं त्यात येतं.

आधी आमच्या घरचा प्रसंग सांगते. माझी लेक इयर सेव्हनमध्ये आहे. तिला शाळेतून नकाशाची एक प्रत दिली होती. तिच्यावर तपकिरी रंगाच्या वाकड्यातिकड्या रेषा होत्या आणि प्रश्न होता, 'चढ कुठल्या बाजूला तीव्र आहे?' मी म्हटलं, रेषा जवळ जवळ असल्या की चढ तीव्र. मी शाळेत पाठ केलेलं उत्तर. तिने लगेच विचारलं, "का?" आणि मला सांगता येईना.

तेवढ्यात माझ्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. ते पुरंदर तालुक्यात गावी असतात. लेकीने फोन नकाशासमोर धरला आणि म्हणाली, "आबा, ही बघा हिल." आबांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "अगं, ही तर फक्की!"

फक्की म्हणजे जमिनीवर चुन्याच्या भुकटीने मारलेली रेघ. १९७२ च्या दुष्काळात आबा सतरा वर्षांचे होते. गावोगावी सरकारी दुष्काळी कामं निघाली होती आणि आबा बंडिंगच्या कामावर जायचे. सकाळी एक साहेब दुर्बीण लावून माळावर रेघ आखून द्यायचा. माणसं त्या रेघेवर बांध घालायची आणि संध्याकाळी सुकडी घेऊन घरी यायची. आबा सांगत होते, "ती रेघ कधी सरळ नसायची. डोंगराच्या पोटाला धरून वळत जायची. आम्ही विचारलं, साहेब, रेघ वाकडी का? तर म्हणाला, पाणी सरळ राहावं म्हणून."

श्रोतेहो, मला वाटतं समोच्च रेषेची इतकी सोपी व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही. शाळेत मुलं जिला 'काँटूर' म्हणतात, तीच ही समोच्च रेषा. तिच्यावर चालत राहिलात तर तुम्ही वर चढत नाही आणि खालीही उतरत नाही. त्या रेषेवर पाणी ठेवलं तर ते कुठल्याच टोकाकडे पळत नाही. एवढं मुलांना कळलं की पुढचं सगळं त्यातून निघतं.

(संगीताचा छोटा तुकडा)

चला, किल्ल्याकडे. बागेतली माती आणि थोडे दगड घ्या आणि पॅटिओच्या सपाट फरशीवर फूटभर उंचीचा डोंगर करा. बाग नसेल तर बाल्कनीत मोठ्या ट्रेमध्ये वीतभर उंचीचा केला तरी चालेल. एक बाजू मुद्दाम उभी ठेवा, कड्यासारखी. दुसरी बाजू लांब उताराची. आणि या लांब उतारावर बोटाने वरून खाली एक खोबण काढा. तो आपला ओढा.

आता रांगोळी आणा. फूटपट्टी फरशीवर उभी धरा आणि डोंगराच्या अंगावर बरोबर ५ सेंटिमीटर उंचीला रांगोळीचा ठिपका द्या. थोडं पुढे सरका, पुन्हा ५ सेंटिमीटरला ठिपका. असं डोंगराभोवती फिरून या आणि ठिपके जोडा. मग हेच १० सेंटिमीटरला, १५ ला, २० ला. डोंगर आत झुकत जातो, त्यामुळे वरच्या ठिपक्यांना फूटपट्टी थोडी लांबून धरावी लागेल. एक सपाट पट्टी आडवी धरून उंची डोंगरापर्यंत न्यायची. मुलांना हे काम फार आवडतं, कारण ते मोजमापाचं आहे आणि हात मळतात.

रेषा झाल्या की मुलाला स्टुलावर उभं करा आणि फोनने बरोबर वरून फोटो काढायला सांगा. त्या फोटोत डोंगर दिसणार नाही. दिसतील फक्त एकात एक पांढरी वळी. झाला नकाशा!

आता फोटोवरून प्रश्न विचारा. कड्याच्या बाजूला रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत, कारण तिथे थोडंसंच पुढे सरकून आपण ५ सेंटिमीटर चढलो. लांब उताराकडे त्या ऐसपैस आहेत. लेकीच्या 'का?' चं उत्तर तिला इथे बोट ठेवून मिळालं. मग ओढ्याकडे बघा. ओढ्यापाशी प्रत्येक रेषा आत वळून माथ्याकडे टोक करते. जमिनीची सोंड पुढे आली असेल तिथे उलट, टोक पायथ्याकडे असतं. एवढ्या दोन खुणांवर अख्खी दरी आणि सोंड ओळखता येते.

ठिपके देऊन ते जोडण्याची ही पद्धत आपण आज काढलेली नाही. स्कॉटलंडमध्ये शिहॅलियन नावाचा डोंगर आहे. १७७४ साली नेव्हिल मॅस्केलाइन या खगोलशास्त्रज्ञाने तिथे एक प्रयोग केला. डोंगराच्या ओढीने ओळंब्याची दोरी किती कलते हे मोजायचं आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढायची. त्यासाठी डोंगराचं आकारमान हवं होतं. चार्ल्स हटन या गणितज्ञापुढे उंचीच्या आकड्यांचा ढीग आला, तेव्हा त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोडले आणि डोंगराचा आकार कागदावर उमटला. जमिनीची उंची दाखवायला ही युक्ती वापरणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत त्याचं नाव घेतात.

आता खरा नकाशा उघडा. ब्रिटनचे नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे ही संस्था काढते. ती १७९१ साली सुरू झाली. ऑर्डनन्स म्हणजे तोफखाना, त्यामुळे सुरुवात लष्करी कामासाठी झाली हे नावातच आहे. गुलाबी मुखपृष्ठाचा 'लँडरेंजर' असतो, त्यात जमिनीवरचा १ किलोमीटर कागदावर २ सेंटिमीटर होतो. नारिंगी मुखपृष्ठाच्या 'एक्सप्लोरर'मध्ये तोच ४ सेंटिमीटर. चालायला जायचं असेल तर नारिंगी घ्या. पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांत हे नकाशे बघायला मिळतात.

इंग्लंडच्या अभ्यासक्रमात सात ते अकरा वर्षांच्या मुलांनी चार आणि सहा अंकी ग्रिड संदर्भ वापरायला शिकावं असं म्हटलं आहे. इथे मुलं हमखास चुकतात ती क्रमात. आधी आडवं जायचं, मग वर. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी ओसरीवरून चालायचं आणि मग माडीचा जिना चढायचा. लँडरेंजरवर दोन रेषांमधलं अंतर १० मीटर उंचीचं असतं आणि दर पाचवी रेषा जाड असते. रेषेवर छापलेल्या आकड्याचं डोकं नेहमी चढाच्या दिशेला असतं. म्हणजे आकडा सरळ वाचता आला, तर तुम्ही चढाकडे तोंड करून उभे आहात.

आणि मुलांना जरा आपल्याकडचे डोंगरही दाखवा. बेन नेव्हिस १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६ मीटर. हे ऐकून आमच्याकडे फार आनंद झाला होता! सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून तयार झाला. कठीण थर कड्यासारखे उभे राहतात, मऊ थर झिजून त्यांची पायरी होते. म्हणून नकाशात घाटमाथ्यावर रेषा चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. पाचगणीचं टेबल लँड असेल तर बाहेर रेषांची गर्दी आणि मध्ये मोकळी जागा. लेक डिस्ट्रिक्टच्या दऱ्या हिमनद्यांनी कोरल्या. त्यांचा तळ रुंद आणि सपाट, कडा उभ्या. तिथे मध्ये मोकळी जागा आणि दोन्ही बाजूंना गर्दी असते, पण उंची बाहेरच्या बाजूला वाढत जाते. आकडे वाचले नाहीत तर पठार आणि दरी सारखीच वाटतील. मुलांना हे कोडं घाला.

इथला आणि तिथला नकाशा जोडणारं एक नावही सांगून ठेवा. विल्यम लॅम्बटन. यॉर्कशरमध्ये जन्मलेल्या या माणसाने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली हिंगणघाटला वारला. आपल्या वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट. त्याची कबर तिथेच आहे.

(संगीताचा छोटा तुकडा)

आता फक्कीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येऊ. साहेब ती रेघ का आखत होता?

उतारावर पाऊस पडला की पाणी सर्वांत तीव्र उतार शोधून खाली धावतं. जसजसं धावतं तसतसा त्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की ते माती उचलतं. त्या पाण्याला समोच्च रेषेवर चर किंवा बांध आडवा घातला, तर पाणी तिथे थांबतं, चराच्या पूर्ण लांबीत सारखं पसरतं आणि मुरतं. माती चरातच बसते. पण चर जरा जरी कलता झाला तरी सगळं पाणी खालच्या टोकाला जमतं, ते टोक फुटतं आणि तिथून घळ पडते. म्हणून रेघ वाकडी चालेल, पातळी चुकलेली चालत नाही.

महाराष्ट्रात आज या चरांना सलग समतल चर म्हणतात. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी अशा गावांची नावं तुम्ही ऐकली असतील. तिथल्या कामाचं सूत्र 'माथा ते पायथा'. आधी डोंगरमाथ्यावर पाणी अडवायचं, मग मधल्या उतारावर, शेवटी ओढ्यात. पाणी फाउंडेशनने २०१६ पासून वॉटर कप स्पर्धा घेतल्या, त्यात गावकरी स्वतः पातळी काढायला शिकले. साधन साधं. दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी आणि तिच्यात पाणी. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्या खुणेला आलं की ते दोन बिंदू सारख्या उंचीवर. गवंडीही घर बांधताना अशीच पाण्याची नळी लावतो.

हे किल्ल्यावर करून बघा. लांब उताराचे तीन भाग पाडा. पहिला उघडा ठेवा. दुसऱ्या भागात रांगोळीच्या रेषांवरून चमच्याने बारीक चर खणा. तिसऱ्या भागात अळीव पेरा. इथल्या शाळांत ओल्या कापसावर 'क्रेस' उगवतात ना, ते म्हणजे आपले लाडवाचे अळीवच. थंडीत उगवायला आठवडाभर लागेल, तेव्हा आजच पेरा. उगवल्यावर झारीत पाणी भरा आणि तिन्ही भागांवर सारखंच पाणी सोडा. पायथ्याशी तीन पांढऱ्या वाट्या ठेवल्यात तर फरक लगेच दिसेल. उघड्या भागाखालची वाटी गढूळ, चरांच्या भागातून पाणी कमी, अळिवाखालचं पाणी बरंच स्वच्छ. वाट्या रात्रभर ठेवा आणि सकाळी तळाला बसलेला मातीचा थर बघा.

असं का होतं तेही सांगा. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की मातीचे कण सुटे होतात. बारीक कण जमिनीची छिद्रं बुजवतात, पाणी मुरेनासं होतं आणि वाहू लागतं. पानं थेंबाचा मार झेलतात आणि मुळं माती धरून ठेवतात. शेतकरी उताराला आडवी नांगरट करतो त्यामागेही हेच आहे. प्रत्येक तास म्हणजे एक छोटा चर. सुपीक मातीचा एक सेंटिमीटर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. तो जायला एखादा वळवाचा पाऊस पुरतो.

गेलेली माती नाहीशी होत नाही, दुसरीकडे जाऊन बसते. महाराष्ट्रात ती धरणांच्या तळाशी गाळ होऊन साचते. तो गाळ काढून परत शेतात टाकण्यासाठी २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना सुरू झाली.

मुलांना वाटू नये की धूप ही फक्त आजोबांच्या गावची गोष्ट. मँचेस्टर-शेफील्डच्या आसपास राहत असाल तर किंडर स्काउटला जा. तिथे माथ्यावर पीट आहे, म्हणजे शेवाळ आणि वनस्पती पुरत्या न कुजता साठून झालेले थर. ते वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. म्हणजे एक मीटर पीटला सुमारे हजार वर्षं. गिरण्यांच्या धुराने तिथलं शेवाळ मेलं, वणवे लागले, मेंढ्यांनी गवत खाल्लं आणि काळं पीट उघडं पडून वाहून जाऊ लागलं. 'मूर्स फॉर द फ्युचर' या संस्थेने तिथे गवत आणि शेवाळ लावलं आणि घळींमध्ये दगड-लाकडाचे छोटे बांध घातले. दगड हेलिकॉप्टरने न्यावे लागले. आबांना फोटो दाखवले तर म्हणाले, "आमचे अनगड दगडी बांध. फक्त आम्ही डोक्यावरून नेले."

यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावरचा होल्डरनेस भाग बघायचा असेल तर घरबसल्या बघा. हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेल्या मऊ चिकणमातीचा हा किनारा समुद्र वर्षाला सरासरी दीड ते दोन मीटर खातो. युरोपातल्या सर्वांत वेगाने झिजणाऱ्या किनाऱ्यांपैकी हा एक. तिथली कौन्सिल १९५१ पासून मोजमाप ठेवते. रोमन काळापासून कितीतरी गावं पाण्यात गेली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातला नकाशा आणि आजचं उपग्रह चित्र शेजारी शेजारी दिसतं. तिथे मॅपल्टन किंवा स्किप्सी शोधा. जुन्या नकाशात शेत आहे, त्याच जागी आज लाटा दिसतात.

श्रोतेहो, शेवटी एक गोष्ट सांगते. ती लहान मुलांना सांगायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण मोठ्यांना माहीत असावी. साउथ वेल्समध्ये ॲबरफान नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. खाणीतला कचरा गावावरच्या डोंगरउतारावर ढिगांनी टाकत असत. १९५८ पासून रचलेल्या सातव्या ढिगाखाली झरा होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी पाण्याने भिजलेला तो ढीग सुटला आणि खालच्या शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. तो झरा जुन्या नकाशांवर छापलेला होता. पाण्याची खूण तिथे होती. ज्यांनी ती जागा निवडली, त्यांनी नकाशाकडे लक्ष दिलं नाही.

आपल्यापैकी कुणाचं मूल पुढे इंजिनिअर होईल, कुणी घर घेताना नकाशा बघेल, कुणाला उद्या गावच्या जमिनीबद्दल निर्णय घ्यावा लागेल. तेव्हा त्याला 'पाणी इथून कुठे जाईल?' हा प्रश्न पडावा. तो प्रश्न आतापासून विचारायची सवय लागते.

तर या सुट्टीत तीन कामं करा. किल्ल्यावर रांगोळीच्या रेषा काढा आणि वरून फोटो घ्या. आपल्या जवळच्या टेकडीचा नकाशा घेऊन ती टेकडी चढा, आणि रेषा चिकटतात तिथे दम लागतो का ते बघा. आणि गावी जे कोणी आजी-आजोबा, काका, मामा शेतीत राबले आहेत, त्यांना फोन लावून विचारा, 'आपल्या शेतातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?' ओढा, बांध, चर, घळ, माथा, पायथा, हे शब्द मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. आमच्याकडे तो कॉल सव्वा तास चालला. लेकीने आबांच्या शेताचा नकाशा काढला, त्यावर तपकिरी पेन्सिलने एक रेष ओढली आणि खाली लिहिलं, 'फक्की, १९७२'.

तुमच्या किल्ल्याचा वरून काढलेला फोटो आम्हाला जरूर पाठवा. दिवाळीच्या सगळ्यांना शुभेच्छा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.